पेव्हर ब्लॉक का खचतात, आणि आपल्या अंगणातले खचू नयेत म्हणून काय करावे

मुंबईतील रस्ते टप्प्याटप्प्याने सिमेंट काँक्रीटचे होऊ लागल्यापासून पेव्हर ब्लॉकचे नाव चांगल्या अर्थाने क्वचितच घेतले जाते. रस्त्यात खचलेला ब्लॉक, पदपथावर पाय पडताच डुगडुगून कपड्यांवर गढूळ पाण्याची पिचकारी मारणारा ब्लॉक, दोन ब्लॉकांमधल्या फटीत अडकणारे दुचाकीचे चाक, हे सारे मुंबईकराने भोगलेले आहे. तरीही गोराई-मनोरीपासून चेंबूरपर्यंत गावठाणातल्या घरांची अंगणे, तळमजल्याच्या घरांसमोरची मोकळी जागा आणि सोसायट्यांची आवारे याच ब्लॉकांनी मढवली जात आहेत, आणि त्यांतली काही वर्षानुवर्षे सपाट राहिलेलीही दिसतात. बंदरांतल्या कंटेनर यार्डांतही हीच फरसबंदी वापरली जाते आणि ती पदपथावरच्या वजनाच्या कित्येक पट वजन पेलते.

एकच वस्तू एका जागी टिकते आणि दुसऱ्या जागी पहिल्या पावसात बसते, तेव्हा दोष वस्तूत शोधणे व्यर्थ आहे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशा शंभर चौरस फुटांच्या अंगणाचे उदाहरण घेऊन हा दोष कुठे असतो ते पाहू. एवढे काम घरातली दोन-तीन धडधाकट माणसे स्वतः करू शकतात, आणि ते स्वतः केलेले अधिक चांगले का होते, तेही ओघात स्पष्ट होईल.

## वजन ब्लॉक पेलत नाही, जमीन पेलते

फरसबंदीत वरून खाली चार थर असतात. सर्वांत वर ब्लॉक. त्याखाली इंचभर वाळूचा थर, ज्याला आपण वाळूची गादी म्हणू. तिच्याखाली दाबून बसवलेल्या खडीचा थर. आणि सर्वांत खाली मूळ जमीन. ब्लॉकवर पडलेले वजन प्रत्येक थरात थोडे थोडे पसरत खाली उतरते आणि अखेर मूळ जमिनीपर्यंत पोहोचते. खडीचा थर जितका जाड आणि घट्ट, तितके ते वजन अधिक जागेवर विभागले जाते आणि जमिनीला दर चौरस इंचामागे कमी सोसावे लागते.

ब्लॉकच्या मजबुतीसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५६५८ हे मानक आहे. त्याच्या २००६ सालच्या आवृत्तीत नुसत्या पायी वापरासाठी एम ३० दर्जाचा ५० मिलिमीटर जाडीचा, तर हलक्या वाहनांसाठी एम ३५ दर्जाचा ६० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक सांगितला आहे. एम पुढचा आकडा म्हणजे काँक्रीट दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन दाब सोसते त्याचे माप. घरच्या अंगणासाठी ६० मिलिमीटरचा ब्लॉक घ्यावा आणि हा विषय तिथेच संपवावा. दुकानात मात्र ग्राहकाचा सारा वेळ रंग, आकार आणि चकाकी यांवर जातो, कारण दिसते तेवढेच. खालच्या खडीबद्दल कोणी विचारत नाही, आणि ठेकेदाराची बचत नेमकी तिथेच होते.

## मग ब्लॉक एकमेकांना धरून कसे राहतात?

दोन ब्लॉकांमधल्या फटीत सिमेंट नसते. तरीही एकावर चाक आले की शेजारचे ब्लॉक भार वाटून घेतात. हे समजण्यासाठी संध्याकाळी सहाची विरार लोकल डोळ्यांसमोर आणावी. डबा खच्चून भरलेला असतो तेव्हा गाडीला कितीही हिसका बसला तरी कोणी पडत नाही, कारण प्रत्येकाला चारी बाजूंनी आधार आहे आणि त्या सगळ्या गर्दीला डब्याच्या भिंतींचा. अंधेरी-बोरिवलीला गर्दी उतरून मधे मोकळी जागा झाली, की मगाशी हात न धरताही स्थिर असलेली माणसे तोल सावरू लागतात.

फरसबंदीत माणसे म्हणजे ब्लॉक, त्यांना एकमेकांशी घट्ट ठेवणारी गर्दी म्हणजे सांध्यांत भरलेली बारीक वाळू, आणि डब्याची भिंत म्हणजे कडेने सिमेंटमध्ये पक्का बसवलेला कर्ब, अर्थात काठाचा ठोकळा. वाळू वाहून गेली की प्रत्येक ब्लॉक सुटा होतो. कर्ब नसला की कडेची ओळ बाहेर सरकते, तिच्यामागे दुसरी, आणि फटी रुंदावत आतपर्यंत जातात. पदपथावर डुगडुगणारा ब्लॉक दिसला तर त्याचा सांधा पाहावा. तो बहुधा रिकामा असतो. दोन ब्लॉकांमधली फट साधारण २ ते ४ मिलिमीटर असावी. अगदी चिकटवून बसवलेल्या ब्लॉकांत वाळूला जागाच राहत नाही आणि त्यांच्या कडा एकमेकांवर घासून टवके उडतात.

## मुंबईत खरा प्रश्न पाण्याचा आहे

मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शंभर चौरस फूट म्हणजे साधारण ९.३ चौरस मीटर. तेवढ्या जागेवर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे ९३० लिटर पाणी पडते, आणि असा दिवस इथे दर पावसाळ्यात येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या हिशेबाने या छोट्या अंगणावर त्या दिवशी पावणेनऊ हजार लिटर पाणी पडले असते.

हे पाणी वरून वाहून गेले पाहिजे. त्यासाठी दर ६० इंचांना एक इंच उतार द्यावा, म्हणजे दहा फुटांत दोन इंच. डोळ्यांना हा उतार जाणवत नाही, पण पाण्याला पुरतो. उताराची दिशा घराकडून गटाराकडे असावी, हे सांगण्याची गरज पडू नये. पण कुठल्याही जुन्या सोसायटीच्या आवारात पावसाळ्यात फेरफटका मारला तर ती गरज आहे हे दिसते. उतार वाळूच्या गादीत देऊ नये, तर खणतानाच जमिनीत आणि मग खडीत द्यावा, म्हणजे वाळूची जाडी सर्वत्र सारखी राहते.

दुसरी गोष्ट जोत्याची. नव्या फरसबंदीचा वरचा भाग घराच्या जोत्यापेक्षा किमान सहा इंच खाली राहिला पाहिजे. आपल्याकडे जुनी लादी न काढता तिच्यावर नवा थर, पुढे आणखी एक थर असे आवार वर चढत जाते, आणि मग तळमजल्यावरची कुटुंबे पावसाळ्यात उंबऱ्यावर पोती का रचतात याचे आश्चर्य केले जाते. जुने काढण्याचा कंटाळा करू नये. निघालेला राडारोडा रस्त्याकडेला टाकू नये; तो नेण्यासाठी महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे.

## खणण्याआधी आणि खणताना

सोसायटीची जागा सामाईक असते, त्यामुळे व्यवस्थापक समितीची लेखी परवानगी घ्यावी. अग्निशमन दलाची गाडी ज्या भागातून जाते तिथे हौशी कामाला हातच घालू नये. त्यानंतर गॅसची वाहिनी, विजेची केबल आणि पाण्याचा नळ कुठून गेला आहे ते शोधावे. मुंबईच्या आवारांत या गोष्टी अनेकदा वीतभर खोलीवरच सापडतात, म्हणून पहारीने घाव घालण्याऐवजी फावड्याने हळूहळू उकरावे.

किती खणायचे? ब्लॉक ६० मिलिमीटर, वाळू ३०, खडी १५०, अशी बेरीज २४० मिलिमीटर, म्हणजे साडेनऊ इंच होते. अंगणात फक्त चालणे असेल आणि खाली मुरूम लागला असेल तर चार इंच खडीही पुरते. पण चारचाकी उभी करायची असेल तर सहा इंचांत काटकसर करू नये.

मुंबईची जमीन एकसारखी नाही. कुठे दोन फुटांवर मुरूम किंवा काळा पाषाण लागतो, तर खाडीलगतच्या वस्त्यांत आणि समुद्र हटवून केलेल्या भरावावर खाली चिखलट माती, विटांचे तुकडे आणि काय काय निघते. खणलेला तळ ओला करून त्यात बोटभर जाडीची सळई हाताने खुपसून पाहावी. ती सहज आत गेली तर जमीन मऊ आहे असे समजावे, तेवढा भाग आणखी खोल खणून मुरमाने भरावा, आणि खडी टाकण्याआधी तळावर जिओटेक्स्टाइल अंथरावे. जिओटेक्स्टाइल म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे जाड कापड. ते नसेल तर पावसाळ्यात मऊ माती खडीच्या फटींतून वर चढते, खडी तिच्यात रुतते, आणि आपण विकत घेतलेला सहा इंचांचा थर पाहता पाहता चारच इंच उरतो.

चेंबरच्या झाकणांभोवती आणि नुकत्याच बुजवलेल्या चरांवर विशेष लक्ष द्यावे. रस्त्यावरचे पेव्हर ब्लॉक सर्वाधिक याच ठिकाणी खचतात: केबलसाठी चर खणला जातो, निघालेली माती एकदम आत ढकलली जाते, वर ब्लॉक मांडले जातात, आणि पुढच्या पावसात ती माती आपोआप बसते. तो दोष चराचा असतो, नाव मात्र ब्लॉकचे जाते.

## धुमस: कंटाळवाणे, पण निर्णायक काम

सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा कोणता, असे विचारले तर धुमस करण्याचा, म्हणजे खडी ठोकून दाबण्याचा. माझ्या मते कामाचा निम्मा वेळ इथे गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

नुसती एकाच मापाची खडी चालत नाही, कारण तिच्यातल्या पोकळ्या रिकाम्या राहतात आणि त्यांत पुढे वाळू उतरते. चाळीस मिलिमीटरपासून ग्रिटपर्यंत, म्हणजे अगदी बारीक खडीपर्यंत, सर्व मापांची खडी आणि थोडी भुकटी असे मिश्रण घ्यावे. मोठ्या दगडांच्या फटीत लहान, लहानांच्या फटीत त्याहून लहान बसतात आणि थर घट्ट होतो. शंभर चौरस फुटांवर सहा इंच म्हणजे ५० घनफूट दाबलेली खडी. दाबताना ती कमी होत असल्याने ६० ते ६५ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासच्या आत, मागवावी. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट.

ही सगळी खडी एकदम टाकून वरून ठोकली तर वरचे तीन इंच दाबले जातात आणि खालचे सैलच राहतात. म्हणून तीन-तीन इंचांचे दोन थर करावेत आणि प्रत्येक थर वेगळा दाबावा. त्यासाठी कंप देणारे प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने मिळते. जागा लहान असेल तर हाताची लोखंडी धुमसही चालते, मात्र खांदे दुखतील. ओलावा नेमका लागतो. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पण बोटांतून पाणी टपकले नाही, तर ओल बरोबर आहे. कोरडी खडी कण सरकत नसल्याने बसत नाही, आणि चिपचिपीत ओली खडी पोकळीतल्या पाण्यामुळे बसत नाही.

दाबून झाल्यावर दोरी ताणून किंवा सरळ पट्टी ठेवून पृष्ठभाग तपासावा. जिथे खळगा दिसेल तिथे खडी घालून पुन्हा धुमस करावी. खळगा वाळूने भरण्याचा मोह अनावर असतो, कारण ते सोपे आहे आणि वर ब्लॉक आल्यावर कोणाला कळत नाही. पण जिथे वाळू जाड, तिथे ती जास्त बसते, आणि वर्षभरात तो खळगा ब्लॉकच्या पृष्ठभागावर हुबेहूब उमटतो.

कर्ब याच टप्प्यावर कडेने ओल्या काँक्रीटमध्ये बसवावा आणि मागून काँक्रीटचा टेकू द्यावा. वाळू अंथरण्यापूर्वी तो पक्का होऊ द्यावा.

## वाळू आणि मांडणी

हे काम वेगाने होते आणि त्यात मजाही आहे. इंचभर जाडीचे दोन पाइप खडीवर समांतर ठेवावेत, मधे वाळू टाकावी आणि ॲल्युमिनियमची सरळ पट्टी पाइपांवरून ओढत न्यावी. वाळूची गादी एकसारखी होते. पाइप काढल्यावर राहिलेल्या खाचा थापीने भरून घ्याव्यात. या वाळूवर पाय देऊ नये आणि ती आधी दाबूही नये. एका वेळी दोन-तीन फुटांपुरतीच वाळू अंथरावी आणि मांडलेल्या ब्लॉकांवर उभे राहून पुढे सरकावे.

वाळू भरड आणि स्वच्छ असावी. खडी क्रशरची बारीक भुकटी स्वस्त असल्यामुळे सर्रास वापरली जाते, पण ती पाणी धरून ठेवते आणि ओली झाली की चिखल होते. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घेतली तर ती धुतलेली घ्यावी.

२०० बाय १०० मिलिमीटरचे आयताकृती ब्लॉक असतील तर शंभर चौरस फुटांना सुमारे ४६५ लागतात. तुटफूट धरून पाच टक्के जास्त मागवावेत. प्रत्येकाचे वजन पावणेतीन किलोच्या आसपास, म्हणजे एकूण सव्वा टनाहून अधिक माल उचलायचा आहे. टेम्पो फाटकापासून किती दूर थांबेल याचा विचार आधीच करावा. गाडी उभी राहणार असेल तर एक आडवा आणि एक उभा अशी काटकोनी, नागमोडी मांडणी करावी, कारण चाकाच्या ढकलण्याला तिच्यात सलग सरळ सांधा मिळत नाही. नुसत्या चालण्यासाठी विटांच्या भिंतीप्रमाणे सांधा मोडत गेलेली रचना पुरेशी आहे.

कडेचे तुकडे कटरने कापताना ब्लॉक ओला ठेवावा आणि तोंडाला चांगला मास्क व डोळ्यांवर गॉगल लावावा. काँक्रीटची कोरडी धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. सगळे मांडून झाल्यावर वरून प्लेट कॉम्पॅक्टर फिरवावे, अगदी कोरडी बारीक वाळू झाडूने सांध्यांत भरावी, पुन्हा यंत्र फिरवावे, आणि सांधे वाळू घेईनासे होईपर्यंत हे चालू ठेवावे. ओली वाळू सांध्याच्या तोंडाशीच अडकते, म्हणून हे काम पावसाळ्यात करू नये. डिसेंबर ते एप्रिल हा काळ उत्तम.

## ‘खाली सिमेंट घातले तर अधिक पक्के होणार नाही का?’

अनेक मिस्त्री वाळूत सिमेंट कालवून ब्लॉक बसवतात आणि काम पक्के झाल्याचे सांगतात. पहिले काही महिने ते खरे वाटते. पण खालची खडी सैल असेल तर वरचा इंचभर सिमेंटचा पापुद्रा वाकू शकत नाही, तो तडकतो, आणि तडकलेले तुकडे वाळूपेक्षा वाईट वागतात. शिवाय ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येणे हा या फरसबंदीचा मुख्य गुण आहे. सिमेंट घातले की तोच जातो. पक्केच हवे असेल तर सरळ सलग काँक्रीट घालावे.

## ‘त्यापेक्षा शहाबादी फरशी बरी नाही का?’

कर्नाटकातून येणारी शहाबादी फरशी मुंबईतल्या चाळींच्या चौकांत पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे, आणि दिसायलाही ती ब्लॉकपेक्षा सुंदर आहे, हे मान्य करायला हवे. मात्र मोठी पातळ फरशी वाळूवर ठेवली आणि तिच्या एका कोपऱ्याखाली पोकळी राहिली, तर वजन येताच ती मधून तुटते. लहान, जाड ब्लॉक त्या जागी फक्त किंचित बसतो. म्हणून फरशी चुन्यात किंवा सिमेंटच्या मालात, सर्व बाजूंनी टेकवून बसवावी लागते, आणि ते सवयीच्या गवंड्याचे काम आहे. चकचकीत केलेला कोटा दगड अंगणात वापरूच नये. मुंबईच्या पावसात त्यावर शेवाळे धरले की घरातली वडीलधारी माणसे घसरतात.

## ‘पाणी मुरत नाही, झाडे मरतात, त्याचे काय?’

हा आक्षेप खरा आहे. सांध्यांतून थोडे पाणी झिरपते, पण धूळ आणि मातीने ते लवकरच बुजतात. पाणी मुरवणारी वेगळी फरसबंदी असते, तिच्यात वाळूऐवजी बारीक खडी आणि रुंद सांधे वापरतात. परंतु भरती-ओहोटीच्या पातळीजवळच्या मुंबईच्या सखल भागांत ऐन जुलैत जमीन आधीच तुडुंब असते, तिथे ती फार मदत करणार नाही. त्यामुळे जेवढी जागा चालण्यासाठी खरोखर लागते तेवढीच झाकावी. झाडाच्या बुंध्याभोवती किमान एक मीटर माती उघडी ठेवावी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांसाठी हेच अंतर सांगितले होते. त्याहून जवळ ब्लॉक बसवले तर झाडाची मुळे पुढे त्यांना उचलतातच.

## ‘नाक्यावर मजूर मिळत असताना स्वतः का राबायचे?’

जड उचलण्यासाठी बिगारी जरूर घ्यावेत. त्यात कमीपणा काही नाही. पण चौरस फुटाच्या दराने ठरवलेल्या कामात दोन थरांत धुमस करणे, खळगे खडीने भरणे आणि सांधे पुन्हा पुन्हा वाळूने भरणे यांचे पैसे कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही, म्हणून ती होत नाहीत. ज्याला त्या अंगणात राहायचे आहे तो माणूस खणणे आणि धुमस यांच्या वेळी तिथे असला, तरी निम्मे काम साधते.

पुढची देखभाल फारशी नाही. पहिल्या पावसात सांध्यांतली वाळू बसते, त्यामुळे पहिली मोठी उघडीप मिळून सांधे वाळले की पुन्हा कोरडी वाळू झाडून भरावी, आणि दरवर्षी मे महिन्यात एकदा पाहणी करावी. एखाद्या कोपऱ्यात घुशीने बीळ केले तर तिथला भाग बसू लागतो. बीळ नुसते वरून वाळूने न बुजवता तेवढे ब्लॉक काढून खडी भरून धुमस करावी. कधी नळ फुटला तर सांध्यात दोन पातळ पट्ट्या घालून पहिला ब्लॉक वर ओढावा, बाकीचे हाताने निघतात. ब्लॉकांचा रंग प्रत्येक खेपेच्या मालात थोडा बदलतो, म्हणून पहिल्याच खेपेतले वीस-पंचवीस ब्लॉक जिन्याखाली राखून ठेवावेत.